दोन बोटं खाली

आमच्यापैकी एकही जण त्या कॉलेजात शिकला नाही,
हे आधी सांगितलेलं बरं.
मी हळदीच्या पेढीवर दिवाणजी,
भूपाल मगदूमचा भडंगाचा गाडा,
आणि फत्तेलाल शिकलगार पत्र्याचे डबे सांधणारा.
गुणफलकाचे आकडे त्यानंच कापून दिले होते,
आणि एक सात कमी पडला तेव्हा
एकाला वरून वाकवून सात केला.

तरी आम्ही म्हणायचो, आपलं कॉलेज. आपली पोरं.

सौदे उठले की मी सायकल काढायचो,
तळवे पिवळे, हँडल पिवळं,
टाळ्या वाजवल्या की पुढच्याच्या डोक्यावर हळद उडायची.
कोर्ट म्हणजे काय, सिमेंटचा चौथरा.
पश्चिमेला चार पायऱ्या, दिवसभर तापलेल्या.
पाचवी मंजूर होती म्हणे, कुणीतरी खाल्ली.
फक्कीच्या रेघा सामन्याआधी घाईनं मारलेल्या,
पाच मिनिटांत सगळ्यांचे बूट पांढरे,
बूट नसलेल्यांचे पाय.

पूर्वेची रिंग दोन बोटं खाली होती.
वळवात चिंचेची फांदी पडली तेव्हापासून.
हे आम्हाला ठाऊक, पोरांना ठाऊक,
घेवारे सरांना तर पक्कं ठाऊक,
उत्तरार्धाला ते हटकून तीच बाजू मागायचे.
पुण्याच्या एका पंचानं एकदा टेप काढली.
भूपालनं त्याला आधी भडंग दिलं,
मूठभर तळलेली मिरची जास्त.
डोळे पुसत तो म्हणाला, ठीक आहे, चालू करा.

आणि नेमिनाथ आवटी.
डावखुरा, कवठेएकंदचा, शोभेच्या दारूच्या गावचा.
चेंडू सोडायचा तोही औट उडवल्यागत,
आम्ही माना वर करून बसायचो,
फुटतोय कधी.

त्र्याऐंशी साल. कोल्हापूरवाले दोन ट्रक भरून आले,
हलगी घेऊन.
आम्ही एका गुणानं मागे, घड्याळ सरांच्या मुठीत.
नेमीनं सोडला.
चेंडू रिंगेवर बसला आणि फिरला,
एकदा फिरला,
हलगी थांबली,
परत फिरला,
आणि जिकडं उतार होता तिकडं आत पडला.

फत्तेलाल म्हणतो, एकसष्ट साठ.
मी म्हणतो, सत्तावन्न छप्पन्न.
भांडण अजून मिटलेलं नाही.
भूपाल बोटानं हवेत वर्तुळ काढून दाखवायचा, कसा फिरला ते,
वर्षानुवर्षं दाखवायचा,
आणि परवा दवाखान्यात सलाईन लावलेल्या हातानं म्हणाला,
मला तेव्हा गिऱ्हाईक होतं रे.
मी बघितलंच नाही.

एकोणीसच्या पुरात कृष्णामाई रिंगेला टेकली,
जाळीत जलपर्णीचा गोळा ठेवून गेली.
बघायला कुणी नव्हतं, म्हणून तो गुण धरला नाही.
गाळ आम्ही खराट्यानं काढला, आमची पोरं म्हणाली,
तुम्हाला कुणी सांगितलंय?

आता आत हॉल आहे. लाकडी जमीन, आकडे विजेचे,
सात जन्मतःच सात.
वाईट नाही, पंखे आहेत.
पण चेंडू आपटला की आवाज छताला जाऊन परत येतो,
आमच्या वेळी तो गणपती पेठेकडं निघून जायचा.
जुन्या कोर्टावर मोटारसायकली लागतात.

गेल्या दिवाळीत नेमी आला. गुडघा बदललेला, नातू सोबत.
नातवाच्या हातातला चेंडू घेतला,
गाड्यांच्या रांगेमागून पूर्वेकडं बघितलं, जिथं आता नुसतं आभाळ,
जरा थांबला,
मनगट किंचित खाली घेतलं,
आणि सोडला.

चेंडू दोन बुलेटच्या मधे पडला.
एकीचा भोंगा वाजायला लागला, थांबेना,
वॉचमन काठी घेऊन धावला.

फत्तेलाल म्हणाला, आत.
मी म्हणालो, आत.
भूपाल कठड्याला धरून उभा राहिला होता,
या खेपेला त्यानं पाहिलं होतं.